सकाळी नऊला "आज सोडू" म्हणतात, मग घरी जायला संध्याकाळ का होते? (वॉर्ड कोऑर्डिनेटरचा धागा)

मीठभाकर | सोमवार, रात्री १०:४२

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की हॉस्पिटलवाले एका दिवसाचं भाडं जास्त लावायला मुद्दाम डिस्चार्ज लांबवतात. तिथे उत्तर टाईप करायला घेतलं तर ते मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं, म्हटलं वेगळा धागाच काढू.

मी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कोऑर्डिनेटर आहे, नऊ वर्षं झाली. बॅजवर पेशंट केअर, सर्व्हिसेस असलं काहीतरी लांबलचक लिहिलंय पण नातेवाईकांसाठी मी "अहो ते निळ्या जॅकेटवाल्या मॅडम". माझ्याकडे एक मजला, ३८ बेड. मी नर्स नाही, डॉक्टर नाही, बिलिंगची नाही आणि मजल्यावरच्या एकाही माणसाची साहेब नाही. पण एसी गळतोय, बिनमिठाच्या जेवणात मीठ आलं, एमआरआयला न्यायला मामा (म्हणजे वॉर्डबॉय) आले नाहीत, आयसीयूतला पेशंट खाली यायचाय आणि बेड नाही, सगळ्याचा फोन मलाच. म्हणजे काम असं की दुसऱ्यांची कामं त्यांच्याकडून करून घ्यायची आणि त्यांना राग येऊ द्यायचा नाही. सून म्हणून जरा अनुभव होताच.

आता डिस्चार्जचं. सकाळी साडेसातला सेन्सस होतो, रात्रीच्या इनचार्ज सिस्टर सांगतात कोण आलं, कोण जाणार, ओटीला (ऑपरेशनला) कोण आहे. मग नऊला मोठे डॉक्टर राउंडला येतात, पेशंटच्या खांद्यावर थोपटतात आणि म्हणतात "चला, आज घरी". इथून घड्याळ सुरू होतं, नातेवाईकांचं. आमचं तोवर सुरूच झालेलं नसतं. कारण समरी (घरी जाताना मिळतो तो आजार-उपचारांचा कागद) लिहिणारा ज्युनिअर डॉक्टर राउंडमध्येच आहे अजून, तो अकराला मोकळा होतो, मग टाईप करतो, मग मोठ्या डॉक्टरांनी ती तपासायची तर ते ओटीत शिरलेले. तिकडे सिस्टर उरलेली औषधं मोजून फार्मसीत परत पाठवतात, ती परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही (आणि परत नाही पाठवली तर तेवढे पैसे तुमच्याच बिलात, म्हणून घाई करू नका म्हणते). फिजिओ, डाएटिशियन यांची एकेक सही. मग बिलिंग. कॅशलेस (बिल विमा कंपनी परस्पर भरते ते) असेल तर फायनल बिल आणि समरी इन्शुरन्सकडे जाणार, तिथून मंजुरी, कधी सरळ येते कधी प्रश्न विचारून येते. मग उरलेले पैसे भरा, गेटपास घ्या, सलाईनची सुई काढा, व्हीलचेअर.

यात कुठेही कुणी हात बांधून बसलेलं नसतं हो. पण प्रत्येकाच्या टेबलावर तो कागद पंधरा-वीस मिनिटं पडतो आणि अशी सात-आठ टेबलं आहेत. आणि बेड अडकून राहिला तर हॉस्पिटलचंच नुकसान जास्त असतं, खाली कॅज्युअल्टीत चार जण स्ट्रेचरवर बेडची वाट बघत असतात, तेही मलाच फोन करतात.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही, खरं तर तीच लिहायची होती. पहिल्याच वर्षी वेल्ह्याकडच्या एक आजी होत्या, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं. नऊला डॉक्टर सोडतो म्हणाले आणि आजी साडेनऊला तयार. हॉस्पिटलचा गाऊन काढून नऊवारी, कपाळाला कुंकू, वॉकर पलंगाला टेकवलेला आणि मांडीवर गाठोडं. त्या दिवशी समरीत डावा पाय ऐवजी उजवा टाईप झालं, ते दुरुस्त करायला परत, मग प्रिंटर बंद. मी दर वेळी जाता जाता "झालंच आजी, पाच मिनिटं" म्हणत होते. पाच मिनिटं पाच मिनिटं करत साडेसहा वाजले. मुलगा काही बोलला नाही. लिफ्टपाशी आजीच म्हणाल्या, "बाय, तू सकाळीच म्हणली असतीस संध्याकाळ व्हईल, तर ह्यो दुपारी जाऊन म्हशीची धार काढून आला असता." शेवटची एसटी गेली होती. रात्र त्यांनी खालच्या वेटिंगमध्ये काढली, आमच्या मामांनी त्यांच्या डब्यातली भाकरी दिली.

तेव्हापासून मी "पाच मिनिटं" हा शब्दच बंद केला. कागद कुठे आहे आणि साधारण किती वाजतील ते सांगते. लोक चिडतात, पण एकदाच चिडतात.

विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं सांगते. आता उद्या सकाळची ड्यूटी आहे.

---

पावसाळी_छत्री | सोमवार, रात्री ११:१५

छान लिहिलंय पण मी तोच तो मुद्दाम लांबवतात लिहिणारा :) बाबांची अँजिओप्लास्टी झाली मागच्या वर्षी, सकाळी दहाला सोडतो म्हणाले आणि आम्ही सव्वापाचला बाहेर. कुणाला विचारलं की बिलिंगला विचारा, बिलिंगवाला म्हणे वॉर्डातून फाईल आली नाही, वॉर्डात म्हणे फाईल कधीच पाठवली. मी दोन मजल्यांमध्ये शटल कॉक झालो होतो आणि बाबांची शुगर, जेवण आलंच नाही कारण डाएटच्या लिस्टमध्ये त्यांना डिस्चार्ज झाला म्हणून मार्क केलेलं! तुमच्यासारखं कुणी दिसलंच नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, परत तेच होणार बहुतेक.

---

मीठभाकर | मंगळवार, सायं ७:०५

@पावसाळी_छत्री, जेवणाचं झालं ते अगदी खरं आहे आणि ती चूक आमच्यासारख्यांचीच. सिस्टीममध्ये डिस्चार्ज मार्क झाला की किचनच्या यादीतून नाव उडतं. मी हल्ली दुपारच्या ताटांची ट्रॉली आली की आधी डिस्चार्जवाले बेड बघते.

हर्नियासाठी सांगते. आदल्या संध्याकाळी ज्युनिअर डॉक्टर राउंडला येतो त्यालाच विचारा, "उद्या सोडणार असाल तर समरी आजच करून ठेवाल का?" संध्याकाळी त्यांना वेळ असतो, बरेच जण करतात. रात्रीच बिलिंगला जाऊन आतापर्यंतचं बिल मागा, ते देतात, त्यात काही खटकलं तर तेव्हाच भांडून घ्या, सकाळी भांडलात तर तुमचाच वेळ जातो. आणि सकाळी "कधी सोडणार" असं विचारू नका, "फाईल आत्ता कुणाकडे आहे" असं विचारा. पहिल्याला सगळे 'होईल' म्हणतात, दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

---

सिस्टर_नाईटड्यूटी | मंगळवार, रात्री ११:४८

ब्रेकमध्ये लिहितेय. कोऑर्डिनेटर लोकांबद्दल आमचीही बाजू ऐका की. आमच्याकडे एकेका सिस्टरकडे रात्री दहा-बारा पेशंट, त्यात एक ब्लड चालू, एक ताप चढलेला, आणि हे जॅकेट घालून येणार हातात मोबाईल, "सिस्टर ४१२ चं फार्मसी रिटर्न झालं का". अहो ४१२ ठणठणीत आहे तो घरीच चाललाय, ४१५ ला श्वास लागलाय तिकडे बघू का गोळ्या मोजू? आणि रिटर्न म्हणजे काय वाटतं लोकांना, अर्धी कापलेली स्ट्रिप फार्मसी घेत नाही, बॅच नंबर दिसला पाहिजे, फ्रीजमधलं इंजेक्शन परत चालत नाही. मग नातेवाईक म्हणणार सिस्टरनी औषध चोरलं.

बाकी मीठभाकरताई चांगल्या असतील, पण सगळे तसे नसतात. आमच्याकडचा एक जण टीएटी टीएटी (कुठल्या कामाला किती वेळ लागला ते) करत फिरतो दिवसभर, वॉर्डात त्याचं नावच टीटी पडलंय, तिकीट तपासणारा.

---

मीठभाकर | बुधवार, सायं ६:३०

हाहा टीटी! सिस्टर, तुमचं सगळं मान्य. मीही पहिली दोन वर्षं टीटीच होते. मग एका जुन्या इनचार्ज सिस्टरनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की तू विचारू नकोस, तू ट्रे उचल. म्हणजे त्यांनी मोजलेला औषधांचा ट्रे आणि स्लिप मी स्वतः फार्मसीला नेऊन द्यायचे, माझ्या कामात ते बसत नाही पण मामा यायची वाट बघण्यात अर्धा तास जायचा तो वाचला. त्यानंतर सिस्टर लोक मला चहाला बोलवायला लागले. वॉर्डात चहाला बोलावलं म्हणजे नोकरी पक्की झाली समजायचं, एचआरचं पत्र काय नंतर येतं.

---

कागदवाला | बुधवार, रात्री ९:२०

मी सहा वर्षं एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विम्याचे क्लेम बघतात तिथे) काढलीत, आता सोडलं. कॅशलेसबद्दल दोन गोष्टी सांगतो ज्या कुणीच अ‍ॅडमिशनच्या वेळी ऐकत नाही.

एक, विमा नियामकाने मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलंय की सुरुवातीची कॅशलेस मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची फायनल मंजुरी विनंती पोचल्यापासून तीन तासांत द्यायची, उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्त पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. छान आहे नियम. पण घड्याळ विनंती पोचल्यावर सुरू होतं हे लक्षात ठेवा, तुमच्या डॉक्टरांनी खांद्यावर थोपटल्यावर नाही. आणि मधे क्वेरी येते, "आजार किती दिवसांपासून आहे ते डॉक्टरांच्या सहीने लिहून द्या", आणि डॉक्टर ओटीत. समरीत 'बीपी ५ वर्षांपासून' आणि अ‍ॅडमिशन पेपरवर 'बीपी १० वर्षांपासून' लिहिलं की गेला दिवस. इतिहास सांगताना घरातल्या एकाच माणसाने सांगा, आई वेगळं सांगते मुलगा वेगळं सांगतो आणि दोन्ही फाईलमध्ये उतरतं.

दोन, रूम. पॉलिसी ५ लाखाची आणि रूमची मर्यादा १ टक्का असेल तर रोज ५ हजारची रूम. तुम्ही हौसेने १० हजारची घेतली तर फक्त वरचे ५ हजार जातात असं लोकांना वाटतं. तसं नाय, बऱ्याच पॉलिसीत सर्जनची फी, ओटीचा चार्ज, भूलतज्ज्ञ, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात निम्मे होतात (औषधं आणि इम्प्लांट कापत नाहीत). सर्जनची फी ८० हजार असेल तर ४० तुमच्या खिशातून. बायकोला मोठी खिडकी पाहिजे म्हणून रूम बदललेला एक माणूस बिल बघून माझ्यासमोर खुर्चीत बसला तो पंधरा मिनिटं उठलाच नाही. आम्ही अ‍ॅडमिशनला सही घेतलेली असते, पण त्या वेळी कोण वाचतंय हो.

---

गावाकडचा | गुरुवार, दुपारी १:१०

ताई मला एक विचारायचं होतं, चुलत्याला गुडघ्याच्या वर गाठ निघालीय, इथे तालुक्याला डॉक्टरनी पुण्याला न्या सांगितलं. केशरी कार्ड आहे. ट्रस्टच्या हॉस्पिटलात फुकट होतं म्हणतात काही लोक, काही म्हणतात नुसतं नावाला असतं, आधी डिपॉझिट भरा म्हणतात. कोणाला भेटायचं तिथं आल्यावर, उगाच हेलपाटे नकोत, ऊसतोडीचे दिवस आहेत.

---

मीठभाकर | गुरुवार, रात्री ८:५५

@गावाकडचा, दादा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकत्र करतात म्हणून हेलपाटे होतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजना, ही सरकारची. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली होती, २०१७ ला नाव बदललं. केशरी कार्ड त्यात बसतं, कुटुंबाला वर्षाला आता ५ लाखांपर्यंत. पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत पाहिजे आणि चुलत्यांचं ऑपरेशनही यादीत पाहिजे. हॉस्पिटलात शिरल्यावर केसपेपरच्या रांगेत लागायच्या आधी "आरोग्यमित्र कुठे बसतात" विचारा, योजनेचं काम बघणारा माणूस तो. ओरिजिनल रेशनकार्ड आणि आधार, आणि दोन्हीकडे नाव सारखं. कार्डावर 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब' असेल तर गावातूनच काय ते करून या. आणि भरती होतानाच सांगायचं, कॅशने भरती होऊन चार दिवसांनी योजना आठवली तर फार त्रास होतो.

दुसरी, धर्मादाय हॉस्पिटलची. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्याच असतात, हायकोर्टाने २००६ ला योजना घालून दिलीय, उपकार नाहीत ते. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊनच या, इथे आल्यावर त्यासाठी परत गावाला जावं लागतं आणि तोवर बेड दुसऱ्याला जातो. यासाठी सोशल वर्करला भेटायचं, माझ्यासारख्या कोऑर्डिनेटरला नाही, मी फार तर तुम्हाला त्यांच्या दारापर्यंत सोडीन. आणि इमर्जन्सी असेल तर डिपॉझिटसाठी अडवायचं नाही असंही त्या योजनेत आहे. नावाला असतं का, तर काही ठिकाणी असतं, मी खोटं कशाला बोलू. सोशल वर्कर चांगला भेटला तर सगळं होतं. नाहीच झालं तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार करता येते, नुसतं तसं म्हटलं तरी बऱ्याचदा खाट सापडते.

---

टेम्सकाठची | शुक्रवार, रात्री २:३०

मी इथे इंग्लंडात सरकारी हॉस्पिटलात वॉर्डवर नर्स आहे, मूळ सांगलीची. वाचून हसू आलं कारण इकडे बिल नाही, विमा नाही, तरी पेशंट सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच गाठोडं घेऊन बसलेलाच! घरी न्यायच्या औषधांना इथे टीटीओ म्हणतात, त्याच्यासाठी फार्मसीची वाट बघायची. बेड मोकळा व्हावा म्हणून डिस्चार्ज लाउंज म्हणून वेगळी खोली असते तिथे खुर्चीत बसवतात, चहा सँडविच देतात. आणि म्हाताऱ्या माणसांचं तर वेगळंच, डॉक्टरनी बरा झाला लिहिलेलं असतं पण घरी दिवसातून चार वेळा बघायला येणारी केअरवाली माणसं ठरत नाहीत तोवर कित्येक दिवस, कधी आठवडे इथेच. सांगलीला माझ्या आजीला सोडलं तेव्हा रिक्षात पुढे मामा, मागे दोन मावश्या आणि घरी पोचायच्या आधी शेजारणीने पाणी तापवून ठेवलेलं. इथे त्याच्यासाठी एक अख्खी मीटिंग होते.

---

बीए_नंतर_काय | शुक्रवार, सकाळी ११:४०

ताई, बीए सायकॉलॉजी झालंय, या कामाला काय शिक्षण लागतं? पगार कसा असतो? मेडिकलचं काही येत नाही मला, रक्त बघून चक्कर येते :(

---

मीठभाकर | शनिवार, दुपारी ३:१५

अगं, मी बीकॉम आहे! आमच्याकडे कुठलीही पदवी चालते, कॉम्प्युटर आणि तीन भाषा पाहिजेत. वर चढायचं असेल तर हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं काहीतरी कर, मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट), पुण्यात सिम्बायोसिस वगैरे आहेत, मी केलं नाही म्हणून नऊ वर्षांत जॅकेटचा रंग तेवढा बदलला. मी १२ हजारावर लागले होते, आता ३० च्या आत आहे, हे तू घरी आधीच सांगून ठेव. रक्ताचं काही नाही, सवय होते. ज्याची सवय होत नाही ते वेगळं.

मजल्यावर कुणी गेलं की पण मीच असते. डॉक्टर सांगतात आणि त्यांना पुढच्या पेशंटकडे जावं लागतं, सिस्टर बॉडीचं करतात, मग बाहेर कॉरिडॉरमध्ये मुलगा आणि मी. त्याला त्या क्षणी विचारावं लागतं की वडिलांचं पूर्ण नाव, वय, पत्ता, आधार कार्ड आहे का. मला आधी फार दुष्टपणा वाटायचा. पण मृत्यूच्या कारणाच्या फॉर्मवर एक वेलांटी चुकली तरी पुढे दाखला, पेन्शन, बँक, सातबारा सगळीकडे तो पोरगा वर्षभर फिरतो, मी पाहिलंय. म्हणून मी फॉर्म त्याच्यासमोर हळूहळू मोठ्याने वाचते, दोनदा. अपघाताची केस असेल तर पोलिसांना कळवणं, पोस्टमॉर्टेम, त्यात रात्र जाते, तेही त्याला आधीच सांगायचं.

---

सिस्टर_नाईटड्यूटी | शनिवार, रात्री ११:३०

आणि बिल भरल्याशिवाय बॉडी देणार नाही हे कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका, महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ ला रुग्णहक्कांची सनद आलीय, त्यात मृतदेह अडवायचा नाही असं साफ आहे. मी आधी जिथे होते तिथे रात्री दोनला बिलिंगवाल्याशी यावरून भांडलेय. दुसऱ्या दिवशी मेमो आला, तो फाईलला लावून ठेवलाय मी जपून.

---

कागदवाला | रविवार, सकाळी १०:०५

तो मेमो फ्रेम करा सिस्टर.

---

पावसाळी_छत्री | पुढचा गुरुवार, सायं ५:५०

अपडेट. बाबांचं हर्निया झालं, आज सोडलं. काल संध्याकाळी ज्युनिअर डॉक्टरला विचारलं समरी आज कराल का, त्याने आधी माझ्याकडे असं बघितलं की मी त्याची किडनी मागितली, पण केली. रात्री बिल बघितलं, त्यात एकाच दिवशी दोनदा ईसीजी लावलेला, तो काढला. रूम पॉलिसीतलीच घेतली, आई अजून बोलत नाहीये. सकाळी "फाईल कुणाकडे आहे" हे वाक्य चार वेळा वापरलं. डॉक्टर पावणेदहाला बोलले आणि दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही रिक्षात. बाबांना जेवणही मिळालं, जेवण कसलं, मुगाची खिचडी.

फक्त घरी आल्यावर बघतो तर जुनी सोनोग्राफीची फिल्म पिशवीत नाही.

---

मीठभाकर | पुढचा गुरुवार, सायं ६:०२

सिस्टरांच्या टेबलामागे एक्सरे बघायचा लाइटचा बोर्ड असतो, त्याच्या मागच्या फटीत बघायला सांगा, तिथेच असते. आत्ताच फोन करा, आठला ड्यूटी बदलते, मग कुणालाच माहीत नसणार.